किशनरावांचं एकेचाळिसावं धनुष्य

एकेचाळीस नंबरचं धनुष्य अजून सापडलेलं नाही. बाकीची सापडली. हे एक जिल्ह्यात कुठंतरी कुणाच्या तरी हातात आहे, आणि त्याची मूठ दोरी ओढता ओढता दुभंगू शकते हे त्या मुलाला किंवा मुलीला ठाऊक नाही. नेम धरताना दोरी हनुवटीला टेकते आणि डोळा दोरीच्या मागे चार बोटांवर असतो. मूठ फुटली की वरचं पातं तिथंच येतं.

ज्यांनी ते धनुष्य तयार केलं त्या किशनरावांबद्दल मला लिहायचं आहे. उद्यापासून सोनपेठमध्ये लोक त्यांच्याबद्दल एकच गोष्ट सांगतील. ती खरीच असेल. पण त्याआधीची त्रेसष्ट वर्षं कुणी सांगणार नाही, म्हणून बसले आहे.

किशनराव वाव्हळे मूळचे वालूरचे. परभणीला आयटीआयमध्ये टर्नरचं काम शिकले आणि बावीस वर्षं एका कापसाच्या जिनिंगमध्ये काढली. जिनिंग बंद पडलं तेव्हा बायकोच्या, सुलाबाईंच्या माहेरी म्हणजे इथं सोनपेठला आले आणि बसस्टँडच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये जुना लेथ टाकला. मोटारीचे शाफ्ट, कडबाकुट्टीचे सुटे भाग, रसवंतीचे रोलर, असली कामं. अंगाने बारीक माणूस, बाराही महिने निळा शर्ट, वरच्या खिशात पोलादी पट्टी आणि कापसाचा बोळा. शेडमध्ये शिरलं की "जयभीम मॅडम, बसा" म्हणायचे आणि पुन्हा मशीनकडे वळायचे. बोलण्यापेक्षा ऐकण्याकडे ओढा. लेथचा आवाज जरा बदलला की चहाचा कप तसाच ठेवून उठायचे.

जिनिंगमध्ये त्यांचे एक बुजुर्ग मिस्त्री होते. त्या मिस्त्रींचा कायदा असा की ज्याने दुरुस्ती केली त्यानेच मशीन सुरू होताना सगळ्यात जवळ उभं राहायचं. पट्टा तुटला, रोलर उडाला, तर पहिल्यांदा त्याच्या अंगावर यायला पाहिजे. मालकसुद्धा त्या वेळी दाराबाहेर उभे राहायचे म्हणे. किशनरावांनी जिनिंगमधून पगाराशिवाय आणलेली ही एकच गोष्ट, आणि ती त्यांनी कधी मोडली नाही.

धनुष्यांशी त्यांचा संबंध आला आठ वर्षांपूर्वी. इथल्या शाळेतले क्रीडाशिक्षक योगीराज सर ऐन मे महिन्यात तीन धनुष्यं घेऊन शेडमध्ये गेले. ही साधी लाकडी रिकर्व्ह धनुष्यं होती, टोकाला पुढे वळलेल्या पात्यांची. अशा धनुष्याचे तीन तुकडे असतात. मधली मूठ, तिला रायझर म्हणतात, आणि तिच्या वर-खाली बसणारी दोन पाती. हात धरतो त्याच्या जरा वर मूठ एका बाजूने खोल कापलेली असते, म्हणजे बाण मधून जावा. तिथं बाण टेकायला एक छोटी दांडी चिकटवतात, तिला रेस्ट म्हणतात. आमच्याकडच्या उन्हात तिचा गोंद पातळ व्हायचा, रेस्ट घसरायची आणि बाण मुलांच्या बोटांवर पडायचे. सरांना वर-खाली करता येणारी पक्की रेस्ट बसवायची होती, आणि तिच्यासोबत बाणाला बाजूने आधार देणारं स्प्रिंगचं बटण. पण बटणासाठी मुठीत आरपार आट्यांचं भोक लागतं. धातूच्या महाग रायझरला ते कारखान्यातूनच येतं. आमच्या मुलांच्या लाकडी मुठींना नव्हतं. आणि ते पाडायचं नेमकं तिथं, जिथं लाकूड कापून सगळ्यात पातळ झालेलं असतं.

किशनरावांनी आधी नाही म्हणून सांगितलं. मुठीवरून अंगठा फिरवत सरांना म्हणाले, "सर, ही हिची कंबर हाय. तुमी मला तिथंच भोसकायला सांगायलात."

सर धनुष्यं तिथंच ठेवून निघून गेले. आठ दिवसांनी किशनरावांनी बोलावलं तेव्हा तीनपैकी एका मुठीला पितळेचा बुश, म्हणजे छोटी नळी, बसवलेला होता, आतून बारीक आटे, बाहेरून लाकडात घट्ट. दुसऱ्या दोन मुठी त्यांनी करवतीने कापून ठेवल्या होत्या. का, तर आत कसं लाकूड आहे ते बघायला. सर चिडले, मग हसले. तेव्हापासून तिरंदाजीची मुलं त्या शेडमध्ये जायला लागली.

रायझर विकत घ्यायच्या आधी किशनरावांना दाखवायचं, असा तालुक्यात रिवाजच पडला. ते हातात घ्यायचे आणि कापलेल्या जागेची जाडी अंगठ्याने मोजायचे. अंगठा आणि वर नखभर, यापेक्षा कमी असेल तर परत. एकाच लाकडाची अखंड मूठ असेल तर परत, कारण ती फुटली की उभी फुटते. वेगवेगळ्या लाकडांचे थर एकावर एक चिकटवलेली मूठ त्यांना चालायची, पण थरांच्या जोडाची रेघ भोकाच्या जागेवरून जाता कामा नये. मग बोटाच्या पेराने ठोकून कानाशी धरायचे. दहातल्या सहा मुठी परत जायच्या. सुलाबाई आतून म्हणायच्या, "माझ्याकडं कधी एवढं लाडानं बघितलं न्हाई ह्यांनी. लाकडाच्या जन्माला जायाला पायजे हुतं." मुलं हसायची. किशनराव कानाला लावलेली मूठ काढायचे नाहीत.

बुश बसला की जुळणी. धनुष्य दोन खुर्च्यांच्या पाठींवर टेकवून, रेस्टवर बाण ठेवून ते मागे उभे राहायचे आणि एक डोळा मिटायचे. दोरी मुठीच्या बरोबर मध्यावरून गेलेली दिसली पाहिजे आणि बाणाचं टोक दोरीच्या डावीकडे केसभर. बटण आत-बाहेर फिरवून तो केसभर साधायचा. रेस्टची तार वर-खाली करून बटणाचं टोक बाणाच्या ऐन मध्यावर आणायचं. या कामाला दुपार जायची. घाई केलेली त्यांना आवडायची नाही.

पण मला जे बघायला आवडायचं ते यानंतरचं. धनुष्य तयार झालं की मुलाच्या हातात देण्याआधी किशनराव ते स्वतः शंभर वेळा ओढायचे. मुलांना अंगणाबाहेर काढून फाटक लावायचे, डोक्यात बिनकाचेचं जुनं हेल्मेट घालायचे, धनुष्य कमरेशी धरून तोंड भिंतीकडे फिरवायचे आणि ओढायचे. दोरी सोडायची नाही, हळूच परत आणायची. भिंतीबाहेरून मुलं मोठ्याने मोजायची. शंभर झाले की दोरी चढवलेलं धनुष्य रात्रभर खिळ्याला टांगून ठेवायचे आणि सकाळी खिशातला कापूस काढून मुठीवरून फिरवायचे. डोळ्याला दिसणार नाही एवढी चीर गेली असेल तरी कापसाचा तंतू तिच्यात अडकतो. काळ्या पॉलिशवर एक पांढरा केस उभा राहतो. तो दिसला की तिथल्या तिथं करवत. बुश तेवढा काढून पुढच्या मुठीला. प्रत्येक बुशवर आधीच बारीक पंचाने नंबर ठोकलेला असायचा. या डिसेंबरपर्यंत तो नंबर चव्वेचाळीसला पोचला होता.

चव्वेचाळीस नंबर माझ्या मुलीचा.

धम्मशीला सोळा वर्षांची आहे, घरात तिला शीलू म्हणतो. तीन वर्षांपासून तिरंदाजी करते. तिच्या वडिलांची नोकरी नांदेडला, मी इथं पंचायत समितीत, त्यामुळे सकाळी मैदानावर तिला सोडायला मीच जाते आणि बाण सुटला की मान मीच फिरवते. मी काळजी करणारी बाई आहे, ते ऑफिसातही सगळ्यांना ठाऊक आहे. तिचं पहिलं धनुष्य तयार होत होतं तेव्हा मी किशनरावांच्या भिंतीबाहेर उभी राहून मुलांबरोबर शंभरपर्यंत मोजलं होतं. त्या रात्री मला झोप लागली. त्या माणसाने आधी स्वतःच्या अंगावर घेतलं आहे, एवढं मला पुरलं.

यंदा शीलूची उंची वाढली, जुनी मूठ तिला आखूड पडायला लागली. विभागाची निवड चाचणी जवळ आलेली. सरांनी एका मुलाचं वापरलेलं पंचवीस इंची लाकडी रायझर मिळवून दिलं, गडद तपकिरी, दिसायला देखणं. आम्ही ते घेऊन शेडमध्ये गेलो तेव्हा किशनरावांनी ते फार वेळ हातात धरलं. अंगठा फिरवला, ठोकलं, ऐकलं. मग शीलूला विचारलं, "जोडाची रेघ कुठून जायलीय गं?"

शीलूने वाकून बघितलं आणि भोकाच्या जागेपासून बरीच वर आहे म्हणून सांगितलं. ते मुलांना नेहमी असं विचारायचे, शिकावीत म्हणून. मला वाटलं, परीक्षा घेतायत. रेघा दोन होत्या. तिने एकच बघितली.

चार दिवसांनी जुळणीच्या वेळी मी होते. ते मागे उभे राहिले, एक डोळा मिटला, मग दुसरा मिटला, आणि शीलूला पुढे ओढून म्हणाले की तूच बघ आणि टोक कुठं दिसतं ते सांग. ती सांगेल तसं बटण फिरवत गेले. मी दिलेला चहाचा कप घेताना त्यांचा हात कपाच्या अलीकडेच मिटला. चहा थोडा सांडला. त्यांनी बोटं शर्टाला पुसली आणि मी काही बघितलं नाही असं दाखवलं. म्हाताऱ्या माणसाचा मान राखावा म्हणून.

शंभर वेळा ओढून झालं. सकाळी कापूसही फिरवला. सुलाबाई घरी नव्हत्या, वालूरला लेकीच्या बाळंतपणासाठी गेल्या होत्या, म्हणून आम्ही गेलो तेव्हा घर कसंतरीच दिसत होतं. किशनरावांनी मुठीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "साफ हाय. घिऊन जा."

त्या संध्याकाळी शीलूची पिशवी जागेवर ठेवताना मला बुशच्या कडेला एक पांढरा तंतू दिसला. उभा, नखाएवढा.

डिसेंबरमध्ये सोनपेठला कापूस कुठं नसतो. ट्रॅक्टर भरभरून जातात, वाऱ्यावर तंतू उडतात, विजेच्या तारांना लोंबतात, बाभळीच्या काट्यांवर असतात, वाळत घातलेल्या कपड्यांवर असतात. चहावरची साय म्हणून उचलावं तर तो कापूस निघतो. मी पदराने पुसून टाकला.

दुसऱ्या दिवशी मैदानावरून आल्यावर पुन्हा होता. त्याच जागी. पुन्हा पुसला. तिसऱ्या दिवशी पुसला तर निघेना, ओढला तर मधेच तुटला आणि मुळाशी थोडा राहिला. तो मी नखाने काढला. त्या क्षणी माझ्या मनात काय होतं ते मला आज नीट सांगता येत नाही. चाचणीला आठवडा होता. किशनरावांनी साफ म्हटलं होतं. मी कुणाला काही बोलले नाही. शीलू रोज शंभर-सव्वाशे बाण मारत होती.

चौथा दिवस बाजाराचा होता. भाजीच्या रांगेत सुलाबाई भेटल्या, आदल्या रात्रीच वालूरहून आल्या होत्या. लेक, नातू, सगळं बोलून झालं. नवरा दोन महिन्यांत वाळून गेला म्हणून तक्रार करत होत्या. परभणीला मोतीबिंदूच्या शिबिरात नाव घाला म्हणून किती मागे लागले, पण पोरांची चाचणी होऊ द्या म्हणून पुढं ढकलतात, म्हणाल्या. मग हसून म्हणाल्या, "कापूस ते फिरिवतेत, तंतू मी बघते. दोन दिवाळ्या झाल्या. त्यांना समोरचा कप दिसंना, तंतू काय दिसतोय. कुणाला सांगू नका बरं मॅडम, लय लागतं त्यांना."

मी विचारलं की मग हे दोन महिने तंतू कुणी बघितला.

त्या वांगी निवडत होत्या. हातातलं वांगं त्यांनी तसंच धरून ठेवलं.

"कोण बघणार?" त्या म्हणाल्या. "मी तर वालूरला हुते."

मी त्यांना तिसऱ्या दिवशीच्या तंतूचं सांगितलं. पिशव्या भाजीवाल्या बाईकडे टाकून आम्ही दोघी मैदानाकडे निघालो. बाजारातून मैदान फार लांब नाही, पण त्या दिवशी मला ते लांब वाटलं. फाटकातून आत बघितलं तर शीलू रेषेवर उभी होती, दोरी हनुवटीला लागलेली. मला ओरडता आलं नाही. ओरडले असते तर ती दचकली असती. मी तिचा बाण सुटेपर्यंत फाटक धरून उभी राहिले. सुटला. मग मी जाऊन तिच्या हातातून धनुष्य काढून घेतलं. ती सगळ्यांसमोर माझ्यावर चिडली, तिचा चेहरा लाल झाला, आणि मला ते बरं वाटलं.

शेडमध्ये किशनरावांनी सगळं ऐकून घेतलं. लेथ बंद केला. सुलाबाईंनी त्यांच्या खिशातला बोळा काढून मुठीवरून फिरवला, आणि बुशच्या खाली तंतू उभा राहिला. त्यांनी किशनरावांचं बोट धरून तिथं टेकवलं. ते बोट मागे-पुढे फिरवत राहिले.

"मला लागंना," ते म्हणाले.

आता करवत काढतील असं मला वाटलं. त्यांनी हेल्मेट मागितलं. चीर आहे की नुसती पॉलिशची भेग आहे ते ओढल्याशिवाय कळणार नाही, असं म्हणत होते. सुलाबाईंनी हेल्मेट पाठीमागे धरून ठेवलं. म्हणाल्या की तंतू अडकला तर कापायचं, हा तुमचाच कायदा. ते म्हणाले, कापलं तर माझं चुकलं का न्हाई हे मला कधीच कळणार न्हाई.  शेवटी त्यांनी बायकोच्या हातातून हेल्मेट काढून घेतलं आणि आम्हाला भिंतीबाहेर जायला सांगितलं. सुलाबाई गेल्या नाहीत, म्हणून मीही दारात थांबले. शीलू माझ्या मागे.

या वेळी त्यांनी धनुष्य कमरेशी धरलं नाही. मुली ओढतात तसं उचललं, दोरी हनुवटीला लावली. तोंडही फिरवलं नाही.

मोजायला कुणी नव्हतं. मी मनात मोजत होते. चौदाव्या खेपेला बारीक कुरकुर ऐकू आली. त्यांनी मान किंचित तिरकी केली, लेथ ऐकताना करायचे तशी, आणि पुन्हा ओढलं. एकविसाव्या खेपेला कापसाच्या झाडाची वाळलेली पळकाटी गुडघ्यावर मोडावी तसा आवाज झाला.

मूठ भोकातून आडवी फुटली होती. वरचं पातं हेल्मेटवर बसलं, उजव्या डोळ्याच्या बरोबर वर, हेल्मेटला तिथं खड्डा पडला आणि तिथून ते त्यांच्या खांद्यावर आलं. गळ्याजवळचं हाड मोडलं, हे नंतर परभणीला फोटो काढल्यावर कळलं. त्या वेळी ते नुसते लेथला टेकून खाली बसले. शीलूने माझा दंड इतका घट्ट धरला होता की चार दिवस वळ राहिले.

सुलाबाई त्यांचं हेल्मेट काढत होत्या. किशनरावांनी विचारलं, "सुले, तू वालूरला कवा गेलतीस?"

सुलाबाईंनी तारीख सांगितली. किशनराव चांगल्या हाताच्या बोटांवर काहीतरी मोजू लागले. मला वाटलं वेदनेने भ्रम झाला.

"अडतीसपासून," ते म्हणाले. "अडतीस ते चव्वेचाळीस. सात झाले. हे एक फुटलं."

मग माझ्याकडे वळून, नेमकं माझ्याकडे नाही, थोडं बाजूला बघत त्यांनी विचारलं की हा तंतू तुम्हाला दिसला होता का. मी तीनदा दिसला म्हणून सांगितलं. शीलू मागे होती, तिनेही ऐकलं.

"मलाबी डोळ्याचं ठावं हुतं बाई," ते म्हणाले. 

दवाखान्यातून ते दुसऱ्याच दिवशी घरी आले, हात गळ्यात. डॉक्टरांनी थांबा म्हटलं होतं. बाजेवर पडल्या पडल्या त्यांनी योगीराज सरांना एकेक नंबर आणि मूल सांगितलं. कुणाचं लाकूड कसं होतं, भोक कुठं होतं, बुश बसवताना हाताला काय लागलं होतं, सगळं पाठ. मी ऑफिसातून रजा काढली. आम्ही फोन करत बसलो. किशनरावांनी प्रत्येकाशी स्वतः बोलायचा हट्ट धरला. "मी किशनराव बोलायलोय सोनपेठहून. माझ्या हातून चूक झालीय," इथून सुरू करायचे. एका बापाने त्यांना काय काय सुनावलं ते मला फोनबाहेर ऐकू येत होतं. त्यांनी मधे तोडलं नाही, सगळं संपल्यावर म्हणाले, "बराबर हाय तुमचं. पण आधी कापूस फिरवा."

अडतीस साफ निघालं. एकोणचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस, तीही. चाळीस नंबरला तंतू अडकला. ते गंगाखेडच्या एका तेरा वर्षांच्या मुलाकडे होतं, त्याच सकाळी त्याने सराव केला होता. त्याच्या आईने धनुष्य कुलपात घातलं आणि फोनवर माझ्याशी बोलता बोलता रडायला लागली. 

राहिलं एकेचाळीस. ते वालूरच्या पप्पू नावाच्या मुलाचं, किशनरावांच्याच नात्यातलं. त्याचा फोन दोन दिवस बंद होता. तो पुण्याकडे कामाला गेलेला. आज रात्री साडेदहाला त्याचा फोन लागला. पोलीस भरतीची तयारी सुरू केल्यापासून आपण धनुष्य सोडलं, म्हणाला, महिन्याभरापूर्वी देऊन टाकलं. चुडाव्याची एक मुलगी वडिलांबरोबर मोटारसायकलवर येऊन घेऊन गेली. नाव बबिता. आडनाव आठवत नाही, नंबर जुन्या मोबाइलमध्ये होता. स्टेशनामागच्या मोकळ्या जागेत रोज सकाळी उजाडताच सराव करते, असं तिचे वडील कौतुकाने सांगत होते.

"लाकूड कसं होतं?" एवढंच किशनरावांनी त्याला विचारलं. त्यांना आठवत होतं, तरी विचारलं. पप्पू म्हणाला, थोडं पातळच होतं काका, तुम्हीच म्हणला होता.

सरांनी चुडाव्याच्या ओळखीसाठी दहा-बारा फोन केले. एक मास्तर सापडले, ते नांदेडला मुक्कामी. दुसऱ्या एकांनी सकाळी बघतो म्हटलं आणि ठेवून दिला. इथून चुडावा अडीच तास, पूर्णेच्या पुढे रस्ता खराब असेल तर जास्त. सर जीप घेऊन साडेतीनला येतील. किशनराव येणारच म्हणाले. सुलाबाईंनी आधी नको म्हटलं आणि मग त्यांची शाल शोधू लागल्या.

मी निघताना किशनरावांनी खिशातला कापूस काढून माझ्या हातात दिला. जिनिंगचा असावा तसा स्वच्छ, एक बी नाही. "सुलाची मांडी धरलीय वालूरच्या प्रवासापासून, ती यायची न्हाई," ते म्हणाले. "मी फिरवीन. बघायचं तुमी. आन् दिसलं तर पुसायचं न्हाई."

हे त्यांनी टोमण्याने म्हटलं नाही. कामाची सूचना दिल्यासारखं म्हटलं.

घरी येऊन मी चव्वेचाळीस नंबरच्या मुठीचा खालचा तुकडा कपाटातून काढला. बबिताच्या मुठीला चीर गेली असेल तर ती आमच्यासारखी ढळढळीत असेलच असं नाही. मला बघायला शिकायला पाहिजे. म्हणून ट्यूबखाली बसून मी कापूस फिरवत होते. अडकत नव्हता. फुटलेल्या लाकडावरसुद्धा मला अडकवता येत नव्हता.

शीलू जागीच होती. तिची चाचणी परवा आहे, शाळेच्या जुन्या धनुष्यावर देणार आहे. मी तंतू पुसल्याचं कबूल केल्यापासून ती माझ्याशी बोललेली नाही, जेवायला बोलावलं तर येते आणि जेवून उठते. ती येऊन समोर बसली, माझ्या हातातून बोळा घेतला, विरळ करून बोटांवर पसरला.

"दाबायचा नाही, आई," ती म्हणाली. "आणि लाकडाच्या रेषांना आडवा फिरवायचा. काका तसंच करतात."

तिने फिरवला. फुटल्या कडेपासून दोन बोटं खाली, जिथं लाकूड मला अखंड दिसत होतं, तिथं एक तंतू उभा राहिला. मग मी केलं. तिसऱ्या वेळी माझाही अडकला. आम्ही ट्यूब बंद करून बॅटरीच्या उजेडात करून बघितलं, कारण तिथं पोचू तेव्हा पुरतं उजाडलेलं नसेल. मग ती स्वेटर घालायला उठली. मी येऊ नको म्हणणार होते, म्हटलं नाही. बबिताला ती ओळखू शकेल, स्पर्धेत कुठं बघितली असेल तर.

सव्वातीन झाले आहेत. चुडाव्यात ती मुलगी अजून झोपली असेल. उजाडताच सराव म्हणजे दोरी चढवायला ती त्याआधीच उठणार. पहिले काही बाण माणूस अंग मोकळं करायला मारतो, पूर्ण ओढत नाही, असं शीलू म्हणते. किती, म्हणून मी विचारलं. ती म्हणाली, पाच-सहा.

गल्लीत जीप वळल्याचा आवाज येतोय. किशनराव पुढच्या सीटवर असतील.